घरात माती फार झाली

बागेला माती लागते, ही साधी गोष्ट पोर्ट लुईहून आलेल्या नकाशात कुठेच नव्हती. बाकी सगळं होतं. लोखंडी फाटक होतं, सिमेंटचे आठ बाक होते, दोन झोपाळे होते, आणि मधोमध गोल वाफ्यात लाल शाईने काढलेले गुलाब होते. नकाशा काढणारा साहेब काही खुळा नव्हता. तो माप घ्यायला आला त्या दिवशी त्या जागेवर मांडवाला शुशूची फळभाजी लटकत होती, वांगी होती, ब्रेदची पालेभाजी गुडघाभर वाढली होती. जिथे एवढं उगवतं तिथे माती असणारच, असं तो धरून चालला. कोणीही धरलं असतं. ती माती समोरच्या घरातल्या भगवतीची आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

गावाचं नाव ला-बारियेर. बारियेर म्हणजे फाटक. मॉरिशसच्या पश्चिमेला उसाच्या मळ्यांमधून रेल्वेचा रूळ जायचा, तो जिथे रस्ता ओलांडायचा तिथे फाटक, आणि फाटकाभोवती चाळीसेक घरं, बहुतेक आपल्याच मराठी माणसांची. फाटक सांभाळायचा भगवतीचा नवरा, सीताराम. सरकारने त्याला पितळी बटणांचा निळा कोट दिला होता, शिट्टी दिली होती, आणि दोन निशाणं. पहिली गाडी पहाटे पाच चाळीसला. त्याआधी दोन मिनिटं फाटक बंद. मग बैलगाडी असो, डॉक्टरची मोटार असो, नाहीतर साखर कारखान्याचा गोरा साहेब असो, सीतारामने हात वर केला की थांबायचं. घरात ज्याचा शब्द कोणी ऐकत नसे त्याचा हात रस्त्यावर सगळे मानत, आणि भगवतीला त्याचं मनातून कौतुक होतं. तोंडावर तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग रेल्वे बंद झाली. आधी माणसांच्या गाड्या, काही वर्षांनी उसाच्या आणि साखरेच्या. रूळ उखडून भंगारात गेले. सीतारामला पोर्ट लुईच्या बंदरात काम मिळालं, तिथे तो आठ दिवस गेला आणि नवव्या दिवशी गेला नाही. त्यानंतर रोज पहाटे पाच चाळीसला तो घराच्या पायरीवर येऊन उभा राहायचा आणि जिथून गाडी यायची तिकडे बघत बसायचा. चहा तिथेच, जेवण तिथेच. असे चार महिने गेले. भगवतीने नवस केले, अंगारे लावले, डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, याला काही झालेलं नाही. ते तर तिलाही दिसत होतं.

एके दिवशी तिने नदीवर धुणं धुतलं, ओल्या कपड्यांचा पिळा नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "हे धरा. माजं डोकं मोकळं पायजे." मोकळ्या डोक्यावर तिने नदीकाठच्या गाळाची पाटी घेतली आणि घरासमोरच्या रुळांच्या जागेवर नेऊन ओतली. रुळांखाली माती कुठली असायला! वीतभर खडी, तिच्याखाली कोळशाची राख, राखेखाली पुन्हा खडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पाटी. बायकोची धुणी वाहणारा फाटकवाला बघून लाबुतिकच्या, म्हणजे दुकानाच्या, ओट्यावरची मंडळी खो खो हसली. पण सीताराम पायरीवरून उठला, हे त्या हसणाऱ्यांच्या ध्यानात आलं नाही. महिन्याभरात तो आपणहून खडी वेचून बाजूला रचायला लागला. पहाटे पाच चाळीसला तो आता पायरीवर नसायचा, वांग्यांना पाणी घालत असायचा.

असं पंधरा वर्षं चाललं. दर वादळानंतर नदीला गाळ यायचा, शेजारणीच्या, इंद्राणीच्या, गाईचं शेण असायचं, आणि भगवतीच्या डोक्यावर पाटी असायची. शेवटी हातभर खोल माती झाली. काळी, भुसभुशीत, बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जाणारी. म्हातारे संध्याकाळी खडीच्या गडग्यावर येऊन बसायचे आणि जाताना कोथिंबिरीची जुडी मागून न्यायचे.

एकोणीसशे ऐंशीच्या मे महिन्यात जयदेव आला. जयदेव म्हणजे सीतारामच्या चुलतभावाचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, शाळामास्तर, शनिवारी देवळात पोरांना मराठी शिकवणारा, आणि त्याच वर्षी गावच्या काउन्सिलचा प्रेसिडेंट झालेला. पोर गुणी होतं. फक्त प्रेसिडेंट झाल्यापासून साधं पाणी मागतानासुद्धा भाषण करायचं.

"काकी, आनंदाची बातमी आहे," नकाशा उलगडत तो म्हणाला. "आपल्या गावाला बाग मंजूर झाली. सार्वजनिक झार्दें. मुलांना खेळायला जागा, वडीलधाऱ्यांना बसायला जागा."

"वडीलधारे आता बी बसतात की, गडग्यावर."

"तसं नाही गं. पद्धतशीर बाग. क्युरपिपला आहे तशी. जागा सरकारची आहे, हे तुला ठाऊक आहेच."

"जागा सरकारची. मी कुठं न्हाय म्हणते?" भगवतीने चहा त्याच्यापुढे सरकवला. खरंच तिचं काही म्हणणं नव्हतं. जागा कधीतरी जाणार, हे ती जाणून होती. वाईट वाटलं होतं, पण गिळून टाकण्याइतकंच. जयदेवने तिथेच उठून घरी जायला हवं होतं. पण त्याने खिशातून काउन्सिलचा कागद काढला आणि तो मोठ्याने वाचून, मराठीत समजावूनही सांगितला. त्यात म्हटलं होतं की रेल्वेची ही जागा गेली सोळा वर्षं पडीक आहे.

"काय हाय?" भगवती म्हणाली.

"पडीक. कागदात तसंच लिहितात, काकी. तू मनावर घेऊ नको. तुझं जे काही आहे ते घेऊन जा, रोपं, मांडव, कुंपण. तुला महिनाभर मुदत देतो. घरची म्हणून महिना."

भगवतीने त्याच्यापुढचा चहा उचलून आत नेला. ती गप्प बसली की सीताराम हळूच परसात सटकायचा, तसा तो सटकला.

दुसऱ्या दिवशी तिने भाजी काढली आणि गावात वाटून टाकली. तिसऱ्या दिवशी मांडव उतरवला. चौथ्या दिवशी इंद्राणीला आणि झाकरीच्या बायकांना बोलावलं. गणपतीत फेर धरून झाकरी नाचणाऱ्या या सात-आठ जणी, भगवती त्यांची म्होरकी, आणि ती पुढे झाली की बाकीच्या का म्हणून विचारत नसत. प्रत्येकीच्या हातात तिने फावडं नाहीतर गोणी दिली.

"काय न्यायचं?" इंद्राणीने विचारलं.

"माती."

"आयो! माती?"

"मग? मी आणली. ती काय सरकारने पाठवली व्हती? माज्या डोक्याला विचार कुणाची ती."

इंद्राणीने त्या डोक्याकडे बघितलं. पंधरा वर्षांच्या पाटीने टाळूवरचे केस विरळ झाले होते. तिने पदर खोचला आणि फावडं उचललं.

जयदेव शाळा सुटल्यावर धावत आला. गोण्यांची रांग लागलेली, बायकांच्या फेऱ्या चाललेल्या, आणि निम्म्या जागेवर खाली खडी उघडी पडलेली. लाबुतिकचा ओटा भरून गेला होता.

"काकी, हे काय चाललंय?"

"तूच म्हनलास ना, जे माजं ते ने म्हणून."

"माती कोणाच्या मालकीची असते का?"

"तुला पडीक जागा पायजे व्हती. पडीक जागा देते. कागदात लिवलंय तशीच."

ओट्यावर हशा पिकला. प्रेसिडेंटला हसणारे त्याचेच मतदार होते, हे त्याला जास्त लागलं. तो लाल झाला आणि म्हणाला, "ने, ने! एक कणसुद्धा ठेवू नको. काउन्सिलकडे लॉरी आहे. तुझ्या मातीवाचून आमचं काही अडत नाही!"

"कोरेक," भगवती म्हणाली. ठीक आहे म्हणायचं झालं की ती क्रेओलमध्ये म्हणायची, आणि तिने कोरेक म्हटलं की काहीच ठीक नसायचं.

तीन आठवड्यांत सगळी माती तिच्या परसात आली. परस केवढंसं! बघता बघता ते हातभर वर चढलं. पपईचं झाड बुटकं झालं. कोंबड्या उडी न मारताच खुराड्याच्या छपरावर जाऊन बसायला लागल्या. मागचं दार बाहेर उघडायचं, ते आता मातीला अडून अर्धंच उघडे, आणि भगवतीसारख्या भरल्या अंगाच्या बाईला त्यातून आडवं होऊन जावं लागे. पावसाचं पाणी परसातून थेट स्वैपाकघरात. पण ती कोणाला बोलली नाही. इंद्राणीने विचारलं तर म्हणाली, "पाय गार ऱ्हातात. बरं वाटतं."

तिकडे बाग झाली. हिरवं फाटक बसलं, बाक बसले, झोपाळे लागले. लॉरी एकदा आली आणि पोळीला तूप लावावं तेवढी माती लावून गेली. क्युरपिपहून गुलाबाची रोपं आली, ऐन थंडीत, म्हणजे तिकडच्या जुलैत, लावली, आणि तीन आठवड्यांत त्यांच्या काटक्या झाल्या. जयदेवने दुसरी आणली. शाळा सुटली की स्वतः नळी धरून उभा राहायचा. पाणी घातलं की खडीतून खाली जायचं, कुठे जायचं ते रेल्वेच जाणे. दुसरी रोपंही गेली. हिरवळ पिवळी पडली. फाटकाला कुलूप लावून ठेवलं होतं, कारण उद्घाटन गणपतीनंतर ठरलं होतं आणि पोर्ट लुईचा साहेब येणार होता. पोरं गजांतून झोपाळ्यांकडे बघत उभी राहायची.

भगवती आपल्या ओसरीवरून हे सगळं बघायची. पहिले पंधरा दिवस तिला फार गोड वाटलं, खोटं कशाला सांगा. जयदेव नळी घेऊन आला की ती मुद्दाम तांदूळ निवडायला बाहेर बसायची.

मग एका पहाटे तिला जाग आली तर शेजारी सीताराम नव्हता. चुलीपाशी नव्हता. परसात जाणं तर त्याने सोडूनच दिलं होतं. तिथे चालायलाही जागा नव्हती, पेरायची गोष्ट लांब राहिली. तो पुढच्या पायरीवर उभा होता. अंगात तो निळा कोट. समोर कुलूपबंद फाटक, आणि तो फाटकापलीकडे बघत होता.

"काय बघता?"

"काय न्हाय," सीताराम म्हणाला. "पाच चाळीस झाले."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने चहा पायरीवरच मागितला. तिने तो नेऊन दिला, घरात आली आणि डोळ्यांना पदर लावून रडली. माती तिने जयदेवला धडा शिकवायला उचलली होती, आणि धडा भलत्याच माणसाला मिळाला होता. जागेवर वाफे होते तोवर नवऱ्याला उठायला कारण होतं. ते कारण गोणीत भरून तिने स्वतःच परसात आणून टाकलं होतं.

आता करायचं काय? माती परत नेऊन टाकायची, एवढंच. बोलायला सोपं. पण अख्ख्या ओट्यादेखत मिरवत आणलेली माती परत न्यायची म्हणजे थुंकलेलं गिळायचं, आणि भगवतीने तसं जन्मात केलं नव्हतं. जयदेवने येऊन "काकी, चुकलो" म्हटलं असतं तर तिने तासाभरात गोण्या बांधल्या असत्या. पण तोही एक कण नको म्हणून बसलेला. रस्त्यात समोरासमोर आले की दोघं आकाशाकडे बघत, जसं काही वादळ येणार आहे. दोघंही एकाच रक्ताची, इंद्राणी म्हणायची. भगवती सासरच्या रक्ताची कशी, हे मात्र तिला विचारायचं नाही.

तोवर गणपती आले. दहा घरांत मूर्ती बसल्या, आरत्या झाल्या, भगवतीने झाकरीचा फेर धरला. पाय नाचत होते, मन पायरीवर होतं. पाचव्या दिवशी विसर्जन. ला-बारियेरचे गणपती पहिल्यापासून रुळांच्या वाटेने नदीवर जात. रेल्वे होती तेव्हा सीताराम गाड्यांच्या वेळा बघून मिरवणूक सोडायचा. आता वाट बागेतून होती, म्हणून जयदेवने त्या दिवसापुरतं कुलूप काढलं. रस्त्याकडचं आणि नदीकडचं, दोन्ही फाटकं उघडी राहिली. ढोलकी वाजली, गुलाल उडाला, वाळक्या गुलाबांशेजारून दहा गणपती नदीला गेले.

मूर्ती पाण्यात सोडली की रिकामा पाट तसाच परत आणायचा नसतो. नदीतली मूठ दोन मूठ माती पाटावर घ्यायची, ती घरी आणायची आणि घरात शिंपडायची. म्हणजे देव गेला तरी बरकत घरात राहते. आज्या-पणज्यांनी कोकणातून जहाजात आणलेल्या गोष्टींपैकी ही एक. आणि वाटेत पाट कुठेही टेकवायचा नाही. टेकवला तर बरकत तिथेच उतरते. हे ला-बारियेरमध्ये चार वर्षांच्या पोरालाही पाठ होतं.

परतताना सगळ्यात पुढे सीताराम होता, डोक्यावर पाट, पाटावर मातीचा ओला गोळा. मागे भगवती, तिच्यामागे जयदेव आपला पाट घेऊन, मग बाकीचे. बागेत शिरल्यावर गोल वाफ्यापाशी सीताराम थांबला. भगवतीला वाटलं, दम लागला असेल. त्याने पाट डोक्यावरून उतरवला, वाकला, आणि वाळक्या काटक्यांमध्ये सरळ खाली टेकवला.

ढोलकी थांबली.

"आयो, भावजी!" इंद्राणी ओरडली. "पाट टेकलात की हो! बरकत उतरली!"

सीतारामने माती हाताने वाफ्यात पसरली. घाई नाही, गडबड नाही. मग त्याने वर बघितलं. त्या माणसाला चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"घरात माती लई झाली," तो म्हणाला. "दार उघडत न्हाय."

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की काय करावं. पहिली हसली इंद्राणी. मग झाकरीच्या बायका, मग ढोलकीवाला, मग सगळी मिरवणूक. भगवतीचं तोंड तापलं. गावात तिच्या दाराचं गुपित फुटलं होतं, आणि फोडलं होतं कोणी, तर जन्मभर एक शब्द न बोलणाऱ्याने. तिला नवऱ्याचा राग आला. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो त्या वाफ्यात उकिडवा बसून खडीत माती दाबत होता, अगदी पंधरा वर्षांपूर्वीसारखा, आणि त्याला कोणाच्या हसण्याचं काहीच नव्हतं. तिचा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती फक्त लाज, आणि तीही बरीचशी हलकी.

ती मागे वळली. जयदेव पाट डोक्यावर धरून खांबासारखा उभा.

"बघत काय ऱ्हायलास?" ती म्हणाली. "तुज्या घरात माती कमी पडली काय?"

जयदेवने पाट उतरवला. प्रेसिडेंटने एवढं बिनभाषणाचं काम पहिल्यांदाच केलं असेल. त्याचं बघून तिसरा, तिसऱ्याचं बघून चौथा. दहाही घरांची बरकत त्या संध्याकाळी गुलाबाच्या वाफ्यात उतरली.

दहा मुठींनी बाग होत नाही, हे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी रविवार होता. भगवती सकाळी आडवी होऊन मागच्या दारातून परसात उतरली तर तिथे जयदेव आधीच हजर, विजार दुमडलेली, हातात रिकामी गोणी.

"काकी," तो खाली बघत म्हणाला, "तो पडीकवाला कागद मी नवीन लिहून पाठवतो."

"काय लिवणार?"

"तू सांग, मी लिहितो."

भगवतीने विचार केला. सोळा वर्षांत काय काय झालं ते सांगायचं तर रात्र झाली असती. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कागद वाचून कोण भाजी खातो? की पू फेर, काय करायचं, लिवणारा बी आपलाच. गोणी धर सरळ."

त्याने गोणी धरली. तिने दोन फावडी टाकली आणि थांबली.

"एक माजं ऐकायचं. बागेची चावी तुज्या काकाकडं."

"पण फाटक उघडायला काउन्सिलचा माणूस येणार आहे, सकाळी सातला."

"त्याला दुसरीकडं धाड. फाटक पाच चाळीसला उघडायचं."

"पाच चाळीसला बागेत कोण येणार, काकी?"

"मी येईन," भगवती म्हणाली.

जयदेव हसायला लागला होता, तो थांबला. त्याच्या लहानपणी शाळेत जाताना काकांनी हात वर केला की तोही थांबायचा. एकदा काकांनी त्याला लाल निशाण धरायला दिलं होतं. "बरं," तो म्हणाला. "पाच चाळीस."

माती गेली तशीच परत आली, त्याच गोण्यांतून, त्याच बायकांच्या डोक्यांवरून. फक्त या खेपेला ओट्यावरच्या मंडळींनाही भगवतीने हाताला धरून उठवलं. तीन आठवडे लागले होते न्यायला, आणायला आठ दिवस लागले. परस खाली गेलं, दार सताड उघडलं, कोंबड्यांना पुन्हा उड्या मारणं आलं. उद्घाटन पुढे ढकललं, नवे गुलाब लावले, आणि ऑक्टोबरात साहेबाने फीत कापली. गुलाबाच्या वाफ्यातून फिरताना तो दोनदा थांबला, नाक वर केलं आणि म्हणाला, कुठेतरी कोथिंबिरीचा वास येतोय. जयदेवने त्याला घाईघाईने झोपाळे दाखवायला नेलं.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी भगवती पहाटे उठली. शेजारी सीताराम नव्हता, पायरीवरही नव्हता. तिने खुरपं घेतलं, पाटी काखेला मारली आणि रस्ता ओलांडला. अजून उजाडायचं होतं. फाटकाच्या आतल्या बाजूला तो उभा होता, निळ्या कोटात, पितळी बटणं घासलेली, एका हातात चावी आणि दुसऱ्यात घड्याळ.

ती कुलपापाशी आली तसा त्याने घड्याळ धरलेला हात वर केला.

"थांब गो. दोन मिन्टं हायत."

भगवतीने तोंड उघडलं. नवऱ्याचं, पुतण्याचं, सरकारचं, कोणाचंच तिने आजवर ऐकलं नव्हतं, आणि उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पण ते तिने गिळलं, पाटी खाली ठेवली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मागून उसाच्या गाडीचा बैल येऊन थांबला, त्याच्यामागे इंद्राणीची गाय.

पाच चाळीस झाले. सीतारामने कुलूप काढलं, फाटक उघडलं आणि बाजूला सरकून तिला वाट दिली.